डिशवॉशरचा साबण: गोव्यातल्या पाण्याला आणि जेवणाला जुळेल असा कसा निवडावा

डिशवॉशर घेऊन काही महिने झाले की काचेचे पेले धुरकट दिसायला लागतात आणि घरात एकच निदान होतं: साबण कमी पडतोय. मग आणखी महागाची टॅब्लेट येते, आणि पेले आणखी धुरकट होतात. गोव्यात, विशेषतः सरकारी नळ असलेल्या घरांत, खरं कारण पुष्कळदा याच्या अगदी उलट असतं. पाणी मऊ, साबण गरजेपेक्षा जास्त आणि तापमान चढं, असं जमून आलं की काच झिजायला लागते, आणि झिजलेली काच परत पूर्वीसारखी होत नाही.

डिशवॉशरबद्दल वाचायला मिळणारा बराचसा सल्ला बोअरवेलच्या जड पाण्यावर चालणारी घरं डोळ्यांपुढे ठेवून दिलेला असतो. मशीनमध्ये मीठ भरा, ऑल-इन-वन टॅब्लेट वापरा, सगळ्यात कडक प्रोग्राम लावा. त्या घरांसाठी तो बरोबर आहे. आपल्याकडे तो तसाच्या तसा लागू करू नका. साबण कुठला, हे कंपनीच्या नावावरून न ठरवता आपल्या नळाच्या पाण्यावरून आणि आपल्या जेवणावरून ठरवा.

आधी पाणी

आपल्या नद्या सह्याद्रीतून उतरतात आणि थोडक्याच अंतरात समुद्राला मिळतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि पायाखाली जांभा. जांभ्यातला चुना पावसाने कधीच धुऊन नेलेला असतो, त्यामुळे पाणी जड करणारं कॅल्शियम-मॅग्नेशियम त्यात फारसं उतरत नाही. पणजी-फोंड्याकडे खांडेपार नदीवरच्या ओपा प्रकल्पातून पाणी येतं, बार्देशला अस्नोड्याहून, दक्षिण गोव्याच्या मोठ्या भागाला साळावली धरणातून. हे नदी-धरणांचं पाणी साधारणपणे मऊच असतं.

पण सगळ्यांच्या घरी नळाचंच पाणी नसतं. कुणाची विहीर आहे, कुणाच्या इमारतीत बोअर आणि नळ एकाच टाकीत मिसळतात, एप्रिल-मेमध्ये टँकर येतो तो कुठून भरलेला असतो ते कळत नाही. खाडी किंवा समुद्राजवळच्या विहिरीला उन्हाळ्यात खारटपणा चढतो. म्हणून अंदाज करू नका, तपासा.

घरच्या घरी करता येणारी चाचणी सोपी आहे. अर्ध्या लिटरची स्वच्छ, पारदर्शक बाटली घ्या, तिच्यात एक तृतीयांश नळाचं पाणी भरा आणि अंगाच्या साध्या साबणाच्या वडीचा सुरीने थोडा कीस काढून आत टाका. भांड्यांचं लिक्विड वापरू नका, ते जड पाण्यातही फेसतं आणि फसवतं. झाकण लावून जोरात हलवा. भरपूर फेस आला, तो टिकला आणि खालचं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ राहिलं, तर पाणी मऊ. फेस पटकन बसला आणि पाण्यात दह्यासारखी पांढरी साय तरंगली, तर जड. तुलनेसाठी दुसऱ्या बाटलीत पावसाचं पाणी घ्या, पण ते कौलावरून किंवा पत्र्यावरून आलेलं नको, उघड्यावर पातेलं ठेवून थेट धरलेलं हवं. पाऊस नसेल तर बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर चालेल. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवल्या की फरक लगेच दिसतो.

आकडा हवा असेल तर कठीणपणा मोजणाऱ्या कागदी पट्ट्या ऑनलाइन मिळतात. लिटरला ६० मिलिग्रॅमपर्यंत मऊ, १२० पर्यंत मध्यम, १८० पर्यंत जड आणि त्यापुढे फार जड, असा सर्वसाधारण हिशेब आहे. मशीनच्या पुस्तिकेत हाच आकडा बहुधा जर्मन अंशांत दिलेला असतो. एक जर्मन अंश म्हणजे लिटरला १७.८ मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅमचं पाणी तीन अंशांच्याही आत बसतं. पाणी पिण्यायोग्य आहे म्हणजे ते मऊ असेल असंही नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, कठीणपणाची स्वीकार्य मर्यादाच २०० मिलिग्रॅम आहे.

वॉटर प्युरिफायरवाल्यांकडचा टीडीएस मीटर या कामाला पुरत नाही. तो पाण्यात विरघळलेले सगळेच क्षार एकत्र मोजतो. खाडीकाठच्या विहिरीत साध्या मिठामुळे टीडीएस खूप दिसेल, पण भांड्यांवर थर धरणारं कॅल्शियम त्या प्रमाणात असेलच असं नाही.

पेला धुरकट का झाला, ते ओळखा

साबण बदलण्याआधी हे करून बघाच, कारण दोन वेगळे बिघाड दिसायला एकसारखे दिसतात.

धुरकट पेला खिडकीशी उजेडात धरा. कापसाचा बोळा माडाच्या व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात बुडवून पेल्याच्या फक्त अर्ध्या भागावर लावा आणि पाच मिनिटं तसाच राहू द्या. मग धुवा, कोरड्या फडक्याने पुसा आणि दोन्ही अर्धे शेजारी शेजारी बघा. बोळा लावलेला अर्धा लख्ख झाला असेल, तर तो चुन्याचा थर होता. पाणी जड आहे, तेव्हा मीठ घाला किंवा साबण वाढवा. दोन्ही अर्धे सारखेच धुरकट राहिले असतील, तर ती काचेची झीज आहे. झीज नुकती सुरू झालेली असेल तर पेला तिरका धरल्यावर त्यावर निळसर-इंद्रधनुषी छटा दिसते. या पेल्यांना साबण कमी करणं आणि तापमान उतरवणं एवढाच इलाज आहे. गेलेली चमक येणार नाही, पण उरलेले पेले वाचतील.

मीठ, साबण आणि रिन्स एड

डिशवॉशरमध्ये तीन वेगळ्या गोष्टी तीन वेगळी कामं करतात. पाणी मऊ करण्यासाठी मशीनच्या तळाशी रेझिनचे मणी असतात. ते पाण्यातलं कॅल्शियम धरून ठेवतात, आणि मीठ त्या मण्यांना परत कामाला लायक बनवतं. भांड्यांना मीठ कुठेच लागत नाही. म्हणून पाणी मऊ असेल तर मशीनची कठीणपणाची सेटिंग सगळ्यात खाली ठेवा. बऱ्याच मशीनमध्ये त्या सेटिंगला मिठाचा दिवाच लागत नाही आणि मीठ विकत घ्यावं लागत नाही. ही सेटिंग बसवायला आलेल्या माणसाने मधल्याच आकड्यावर सोडलेली असते, तेव्हा पुस्तिका उघडून स्वतः बदला.

मीठ लागतच असेल तर ते डिशवॉशरसाठीचं शुद्ध, भरड मीठच घ्या. आपल्याकडे आगरवाड्याचं, नेरूलचं मिठागराचं जाड मीठ घरात असतं आणि दिसायला ते तसंच दिसतं. ते मासे खारवायला आणि लोणच्याला उत्तम, पण मशीनमध्ये नको. समुद्राच्या पाण्यातून आलेलं असल्याने त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि बारीक गाळ असतो, म्हणजे मण्यांना ज्यापासून सोडवायचं तेच पुन्हा आत जातं. जेवणातलं आयोडीनयुक्त बारीक मीठही नको. ते गोळा होऊ नये म्हणून मिसळलेले पदार्थ आतली वाट बुजवतात. मीठ नेहमी धुणं सुरू करण्याच्या लगेच आधी भरा, म्हणजे सांडलेलं खारट पाणी स्टीलवर बसून राहत नाही.

रिन्स एडची बाटली मात्र मऊ पाण्याच्या घरानेही घ्यावी. शेवटच्या पाण्यात तो मिसळला की भांड्यावर थेंब न थांबता पाणी पापुद्र्यासारखं निथळून जातं. आपल्याकडच्या दमट हवेत भांडी सुकणं हीच मोठी अडचण असते, आणि ती साबणाने सुटत नाही. डायल मधल्या आकड्यावर ठेवून सुरुवात करा. पेल्यावर निळसर ओघळ दिसले तर एक आकडा कमी करा, थेंबांचे डाग दिसले तर एक वाढवा. धुणं संपल्यावर थोडं थांबून दार चार बोटं उघडं ठेवा. रिन्स एडच्या जागी व्हिनेगर ओतायचा सल्ला दिला जातो, तो पाळू नका. ते रोज रोज आत गेलं की रबरी सील खराब होऊ शकतात.

आपल्या ताटात काय असतं

साबणाच्या पाकिटामागची घटकांची यादी आपल्या जेवणाशी ताडून बघा. उकड्या तांदळाचं शीत आणि पेज यांचा स्टार्च भांड्याला घट्ट धरतो, आणि तो सोडवतं अमायलेज नावाचं एन्झाइम. मासळीचं हुमण, अंडी, डाळ यांतल्या प्रथिनांना प्रोटिएज लागतं. ही दोन्ही नावं, निदान ‘एन्झाइम’ हा शब्द, पाकिटावर नसेल तर ते पाकीट परत ठेवा. ही एन्झाइम्स साधारण ५० अंशांच्या आसपास चांगली चालतात. पाणी ७० अंशांवर गेलं की ती लवकर निकामी होतात. रोजच्या भांड्यांना कडक प्रोग्रामपेक्षा ५०-५५ अंशांचा लांब प्रोग्राम जास्त चांगला धुतो तो म्हणूनच.

भांडी आत ठेवण्याआधी नळाखाली विसळत बसू नका. काटे, मिरच्यांची देठं, नारळाचा चोथा, आमसुलाच्या साली तेवढ्या झटकून टाका. शाकुतीचं वाटण मशीनच्या गाळणीत अडकून कुजतं, तेव्हा आठवड्यातून एकदा गाळणी काढून ब्रशने धुवा. मासळीचा वास येतो म्हणून सुगंधी साबण शोधणाऱ्यांनी आधी ही गाळणी बघावी. बहुतेक वेळा वास तिथलाच असतो.

हळद आणि आमसुलाच्या रंगासाठी ऑक्सिजन ब्लीच लागतं. यादीत ते ‘सोडियम परकार्बोनेट’ म्हणून येतं. त्याच्या जोडीला टीएईडी हा ब्लीचला चालना देणारा घटक असेल तर ते कमी तापमानातही काम करतं. पांढऱ्या वाटीतली सोलकढीची गुलाबी कड आणि कपातला चहाचा तपकिरी वळसा यानेच जातो. हळद साबणाच्या अल्कलीत आधी तांबडी दिसते, त्याने घाबरू नका. प्लास्टिकच्या डब्यात मुरलेली हळद मात्र कुठलाच साबण पूर्ण काढत नाही. तो डबा उन्हात ठेवा, ऊन हळदीचा रंग उडवतं.

खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं, त्यामुळे गार पाण्याच्या झटपट प्रोग्राममध्ये ते सुटत नाही. शाकुतीची कढई किंवा तळणीचं भांडं असेल त्या दिवशी ६५ अंशांचा प्रोग्राम लावा, पण काचेचे पेले त्या फेरीत ठेवू नका. सबंध लेखातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा: काच आणि तळणीची भांडी वेगवेगळ्या फेऱ्यांत धुवा.

पावडर, टॅब्लेट, पॉड की जेल

मऊ पाण्याच्या घराला माझी पसंती पावडरला आहे, आणि त्याचं कारण प्रमाण आपल्या हातात राहतं हे आहे. टॅब्लेट साधारण १८-२० ग्रॅमची असते, आणि मशीन अर्धं भरलेलं असलं तरी ती तेवढीच जाते. ऑल-इन-वन टॅब्लेटमध्ये पाणी मऊ करणारे घटकही भरलेले असतात. आपलं पाणी आधीच मऊ असेल, तर आपण गरज नसलेल्या गोष्टीचे पैसे देतो आणि वर काचही झिजवतो. शिवाय अर्ध्या तासाच्या प्रोग्राममध्ये टॅब्लेट कधी कधी पूर्ण विरघळतच नाही.

पाणी जड असेल, किंवा घरी मोजून घालायला कुणाला जमत नसेल, तर टॅब्लेट चांगली. घरात वयस्क माणसं मशीन लावत असतील तर सोय मोठी आहे, तिची किंमत कमी लेखू नये. फक्त एक बघा: दाबून केलेल्या टॅब्लेटचं प्लास्टिक वेष्टन काढावं लागतं. पाण्यात विरघळणारा पातळ पापुद्रा असलेला पॉड तसाच ठेवायचा असतो. कुठला कसा ते पाकिटावर लिहिलेलं असतं.

जेल लगेच विरघळतं, पण त्यात परकार्बोनेट टिकत नाही, त्यामुळे हळद-चहाच्या डागांवर ते बहुधा कमी पडतं. क्लोरीन ब्लीच असलेलं जेल तर घेऊच नका. क्लोरीन आणि एन्झाइम्स एकत्र नांदत नाहीत, आणि चांदीची भांडी काळवंडतात.

भांडी घासायचं नेहमीचं लिक्विड डिशवॉशरमध्ये एक चमचाही घालू नका. फेस दारातून बाहेर येतो आणि पंपाला पाणी ओढता येत नाही. खायचा सोडा आणि लिंबू एकत्र करून केलेला घरगुती साबणही नको. दोघं एकमेकांना मारून टाकतात, आणि त्यात तेल किंवा स्टार्च सोडवणारं काही उरत नाही.

किंमत पाकिटाची बघू नका, फेरीची बघा. एक किलो पावडर दर फेरीला २० ग्रॅमने ५० फेऱ्या देते, १५ ग्रॅमने ६६. टॅब्लेटच्या पाकिटाची किंमत तिच्या संख्येने भागा आणि दोन्ही आकडे समोर ठेवून ठरवा.

प्रमाण बसवणं

स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकदा १५ ग्रॅम पावडर मोजा आणि ती आपल्या घरच्या कुठल्या चमच्याने किती भरते ते बघून ठेवा. बऱ्याच मशीनच्या साबणाच्या कप्प्यात १५ आणि २५ मिलिलिटरच्या रेघाही असतात. मऊ पाणी आणि रोजची भांडी असतील तर १२ ते १५ ग्रॅमपासून सुरुवात करा. एकच प्रोग्राम आणि एकच प्रमाण आठवडाभर ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदलली तरच कशाने फरक पडला ते कळतं.

आठवड्यानंतर भांड्याच्या आतून बोट फिरवा. चिकट, तेलकट लागलं तर आधी तापमान वाढवा आणि मगच साबण २-३ ग्रॅमने वाढवा. शीत चिकटून राहिलं असेल तर फवारा मारणाऱ्या पात्याची भोकं बघा, त्यांत तांदूळ किंवा मोहरी अडकलेली असते. ताटल्या एकमेकींना टेकलेल्या असतील तरी तेच होतं. भांड्यावर खरखरीत पांढरी पूड राहिली, तर साबण जास्त झालाय किंवा विरघळलेला नाही. कप्प्यासमोर उभं ताट असेल तर त्याचं झाकण उघडत नाही, तेही तपासा.

चवथीच्या दिवसांत खतखतं, नेवऱ्या, पातोळ्यांची भांडी एकदम पडतात. तेव्हा भरगच्च फेरीला २०-२५ ग्रॅम घाला. चवथ झाली की परत खाली या. उन्हाळ्यात टँकरचं पाणी सुरू झालं तर साबणाच्या वडीची चाचणी पुन्हा करा आणि मशीनची कठीणपणाची सेटिंग त्याप्रमाणे बदला.

अल्युमिनियमचा कुकर, बिडाचा तवा, तांब्या-पितळेची पूजेची भांडी, करवंटीचा डाव, लाकडी पोळपाट आणि मातीची भांडी मशीनमध्ये घालू नका. साबण कितीही सौम्य म्हणून विकला जात असला तरी तो अल्कलीच आहे. अल्युमिनियम त्यात काळं पडतं.

जून ते सप्टेंबर

पावसाळ्यात पावडरचा दगड होतो. तो फोडून वापरला तरी नुकसान झालेलंच असतं, कारण ओल लागली की परकार्बोनेट हळूहळू विघटित होतं आणि डाग काढायची ताकद जाते. म्हणून मोठं पाकीट मे महिन्यात सवलतीत मिळालं तरी घेऊ नका. जूनपासून एक किलोच्या आतलं पाकीट आणा, ते घट्ट झाकणाच्या डब्यात ओता आणि सिंकखालच्या कपाटात न ठेवता वरच्या कोरड्या फळीवर ठेवा. चमचा कोरडाच हवा. पॉडला ओले हात लागले की ते एकमेकांना चिकटतात, तेव्हा त्यांचं पाकीट प्रत्येक वेळी नीट बंद करा. साबण कप्प्यात आधीच घालून रात्रभर ठेवू नका, मशीन लावतानाच घाला.

सांडपाणी आणि मुलं

गावाकडच्या आणि वाड्यावरच्या बऱ्याच घरांचं सांडपाणी सेप्टिक टँकमधून सोक पिटमध्ये जातं, आणि जांभा सच्छिद्र आहे. जवळच विहीर असते, खाली शेत किंवा खाडी. म्हणून ‘फॉस्फेट फ्री’ लिहिलेला साबण घ्या. फॉस्फेटने पाण्यात शेवाळ माजतं. युरोपीय संघाने २०१७ पासून घरगुती डिशवॉशर साबणातलं फॉस्फरस एका फेरीला ०.३ ग्रॅमवर आणलं आहे, आणि फॉस्फेटऐवजी सायट्रेटवर चालणारे साबण त्यानंतर नेहमीचे झाले. मऊ पाण्यात तर फॉस्फेटची गरजच नसते.

पॉड रंगीत आणि मऊ असतात, लहान मुलांना ते खाऊ वाटतात. डबा उंचावर आणि कुलपात ठेवा. कुणी चावलाच तर तोंडातला साबण पुसून काढा, चूळ भरायला लावा, आणि उलटी मुळीच करवू नका, कारण अल्कली परत वर येताना घसा आणखी भाजते. डोळ्यात गेला तर निदान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा धुवा. लगेच १०८ ला फोन करा किंवा जवळच्या इस्पितळात न्या, आणि साबणाचं पाकीट बरोबर घ्या. आत काय होतं ते डॉक्टरांना त्यावरूनच कळतं.